माणसाची जाणीव : खरी की नुसता भास?

"डॉक्टर, जाणीव वगैरे काही नसतं म्हणे. सगळा मेंदूने तयार केलेला भास असतो. खरं आहे का हे?"

गेल्या दोन-तीन वर्षांत हा प्रश्न मला बऱ्याच जणांनी विचारला आहे. विचारणारे बहुतेक तरुण असतात, इंजिनिअरिंग किंवा फार्मसी करणारे, आणि त्यांनी मोबाइलवर कुठला तरी व्हिडिओ पाहिलेला असतो. पण याच प्रश्नाचं दुसरं रूप मला याहून जास्त वेळा ऐकायला मिळतं. ते विचारणाऱ्याची दोन-तीन रात्रींची झोप झालेली नसते. तो विचारतो, "डॉक्टर, आम्ही बोलतो ते त्यांना कळतंय का?"

हे दोन्ही प्रश्न मूळात एकच आहेत, असं मला वाटतं. म्हणून आजचा लेख नेहमीसारखा बीपी-शुगरवर नाही. तुमच्यापैकी अनेकांवर कधी ना कधी अतिदक्षता विभागाच्या दाराबाहेर बसण्याची वेळ येते. त्या वेळी या प्रश्नाचं उत्तर तुम्ही काय धरून चालता, यावर बरंच काही अवलंबून असतं.

आमच्या लोधिवली-चौकच्या पट्ट्यात जुना मुंबई-पुणे रस्ता आहे, जवळून द्रुतगती मार्ग जातो, पाताळगंगा-रसायनीचे कारखाने आहेत आणि इरशाळगड-प्रबळगडाच्या अंगाखांद्यावर ठाकूर-कातकरी वाड्या आहेत. त्यामुळे बेशुद्ध माणूस आमच्याकडे नाना वाटांनी येतो. मोटरसायकलवरून पडून डोकं आपटलेला, साखर उतरलेला, पक्षाघाताचा, कीटकनाशक प्यायलेला, साप चावलेला. यातल्या प्रत्येकाची शुद्ध वेगळ्या तऱ्हेने गेलेली असते.

आपल्या भाषेत यासाठी चांगले शब्द आहेत. शुद्ध हरपते, भान सुटतं, जाग येते. बोलताना आपण ते एकमेकांच्या जागी वापरतो. वैद्यकात मात्र जाग आणि भान वेगळे ठेवावे लागतात. जाग म्हणजे डोळे उघडणं, झोप-जागेपणाचं चक्र चालू असणं. हे काम मेंदूच्या तळाशी असलेला देठासारखा भाग करतो, त्याला आम्ही ब्रेनस्टेम म्हणतो. भान म्हणजे मी कोण, कुठे आहे, समोर काय चाललंय, कुठे दुखतंय, याची आतून होणारी नोंद. त्यासाठी मेंदूचा वरचा सुरकुत्यांचा भाग आणि मधला थॅलॅमस यांची एकमेकांशी सतत देवाणघेवाण चालू असावी लागते. गाढ झोपेत जाग नसते आणि भानही जवळजवळ नसतं. स्वप्नात जाग नसते, पण एक प्रकारचं भान असतं, इतकं की घामाघूम होऊन उठतो आपण. आणि काही दुर्दैवी माणसांमध्ये जाग असते, डोळे उघडे असतात, पण भान असल्याचं दिसत नाही. या अवस्थेला १९७२ साली ब्रायन जेनेट आणि फ्रेड प्लम या दोन डॉक्टरांनी 'व्हेजिटेटिव्ह स्टेट' हे नाव दिलं. मला ते नाव आवडत नाही. माणसाला भाजीपाल्याशी जोडणारा शब्द नातेवाइकांसमोर उच्चारताना जीभ अडते. म्हणून मी 'जाग आहे, भान दिसत नाही' असंच म्हणतो.

आता त्या व्हिडिओतल्या मुद्द्याकडे. जाणीव हा भास आहे असं म्हणणारे लोक वेडे नाहीत. अमेरिकेतले तत्त्वज्ञ डॅनियल डेनेट यांनी १९९१ साली या विषयावर मोठं पुस्तक लिहिलं. इंग्लंडचे कीथ फ्रँकिश हे मत उघडपणे 'भासवाद' या अर्थाच्या नावाने मांडतात. त्यांचं म्हणणं साधारण असं : मेंदूत असंख्य कामं एकाच वेळी चाललेली असतात. मेंदू त्यांचा एक सोपा, सुटसुटीत गोषवारा तयार करतो आणि त्या गोषवाऱ्यात 'आत कोणीतरी बसून हे सगळं पाहतंय' असं लिहिलेलं असतं. आपण तो गोषवारा खरा मानतो.

मेंदू आपल्याला थापा मारतो, याचा पुरावा हवा असेल तर कागद घ्या. डावीकडे एक फुली काढा, तिच्या उजवीकडे आठ सेंटिमीटरवर चण्याएवढा ठिपका. डावा डोळा झाका, उजव्या डोळ्याने फुलीकडेच पाहत राहा आणि कागद हातभर अंतरावरून हळूहळू जवळ आणा. साधारण फूटभर अंतरावर ठिपका नाहीसा होईल. डोळ्याच्या पडद्यावर जिथून नस बाहेर पडते तिथे दिसण्याची सोयच नसते. पण त्या जागी तुम्हाला काळं भोक दिसलं का? नाही. मेंदूने शेजारचा पांढरा कागद ओढून तिथे ठिगळ लावलं. जन्मभर तो हे करतोय आणि तुम्हाला पत्ता नाही.

दवाखान्यात याहून मोठी उदाहरणं दिसतात. मेंदूच्या उजव्या बाजूला पक्षाघात झाला की डावा हात-पाय लुळा पडतो. अशा काही पेशंटना आपला हात लुळा आहे हेच मान्य नसतं. एका आजींना मी म्हटलं, "डावा हात वर करा." हात जागचा हलला नाही. "केला की," त्या म्हणाल्या. त्या खोटं बोलत नव्हत्या. हात उचलल्याची बातमी मेंदूने त्यांना खरोखरच दिली होती.

बेंजामिन लिबेट यांचा १९८३चा प्रयोगही या चर्चेत हमखास येतो. माणूस 'आता बोट हलवावं' असं ठरवतो त्याच्या सुमारे एक तृतीयांश सेकंद आधीच मेंदूत विद्युत हालचाल सुरू झालेली दिसते. म्हणजे निर्णय आधीच झाला, आपल्याला फक्त कळवला गेला, असा त्याचा अर्थ लावला गेला. २०१२ नंतर त्या हालचालीचा वेगळा अर्थही मांडला गेला आहे, की ती निर्णयाची सुरुवात नसून मेंदूतली नेहमीची चढउतार असते. त्यामुळे या एका प्रयोगावर फार मोठी इमारत बांधू नये असं मला वाटतं. तरीही मुद्दा शिल्लक राहतो. आपण स्वतःबद्दल जे समजतो त्यातलं बरंच काही चुकीचं असतं. इथपर्यंत मी त्या व्हिडिओवाल्याशी सहमत आहे.

इथून पुढे नाही.

कारखान्यांच्या पट्ट्यात काम करणाऱ्या डॉक्टरला यंत्रात बोटं गेलेली माणसं भेटतात. जखम भरते, टाके निघतात, आणि दोन महिन्यांनी माणूस येऊन संकोचाने सांगतो, "डॉक्टर, हसू नका, पण जे बोट नाही ना, ते दुखतं. रात्री आग होते त्याच्यात." अमेरिकेतल्या यादवी युद्धात हात-पाय गमावलेल्या सैनिकांमध्ये हे पाहून सायलस वीयर मिचेल या डॉक्टरने १८७१ साली त्याला नाव दिलं, त्याचा अर्थ भुताचा अवयव. आपल्याकडे मद्रासला वैद्यकी शिकलेले डॉ. व्ही. एस. रामचंद्रन यांनी साध्या आरशाच्या खोक्याने यातल्या काहींचं दुखणं कमी करून दाखवलं. आता सांगा, यात भास कशाचा आहे? बोटाचा. बोट तिथे नाही, ते असल्याचं वाटणं चुकीचं आहे. पण आग होतेय हे चुकीचं आहे का? ज्याला आग होतेय असं वाटतंय, त्याला आग होतेच आहे. दुखण्याच्या बाबतीत 'वाटणं' आणि 'असणं' यांच्यामध्ये बोट शिरायलाही जागा नाही.

आपल्याकडचा दोरी आणि सापाचा जुना दृष्टांत घ्या. अंधारात दोरीला साप समजलात, तर साप खोटा. पण तुमची नाडी १२० झाली, घशाला कोरड पडली, ती भीती खरीच होती. भास व्हायलासुद्धा ज्याला तो होतो असा कोणीतरी लागतो. ही माझी कल्पना नाही. हा वाद आपल्या देशात फार जुना आहे. चार्वाकमताचे लोक म्हणत की आंबवलेल्या पदार्थात जशी नशा येते तशी चार महाभूतं एकत्र आली की चेतना येते, वेगळा आत्मा नाही. बौद्धांनी 'मी' नावाची टिकाऊ वस्तूच नाकारली. शंकराचार्यांचं उत्तर होतं की नाकारणारा स्वतःलाच कसा नाकारेल? आणि आमच्या ज्ञानोबांनी 'अमृतानुभवा'त एक अख्खं प्रकरण अज्ञानाचं खंडन करायला दिलं. मी तत्त्वज्ञ नाही, त्यामुळे यात निवाडा देणार नाही. चार्वाकांकडे माझा थोडा कल आहे एवढं कबूल करतो. चेतना मेंदूतून येते असं मानणं आणि चेतना भास आहे असं मानणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मात्र लक्षात ठेवा. पाणी हायड्रोजन आणि ऑक्सिजनपासून बनतं म्हणून तहान भागायची थांबत नाही.

डेनेट आणि फ्रँकिश यांच्यावर अन्याय नको. 'माणसाला दुखत नाही' असं त्यांनी कधी म्हटलेलं नाही. दुखण्याभोवती आपण जे गूढ वलय कल्पितो, ते खोटं आहे असं त्यांचं म्हणणं. पण एखादं मत पुस्तकातून व्हिडिओत, व्हिडिओतून रील्समध्ये आणि तिथून घरात येतं तेव्हा त्याचं 'आत कोणी नसतंच' असं होतं. आणि डॉक्टर म्हणून मला भीती या शेवटच्या वाक्याची आहे. कारण 'आत कोणी नाही' असं मानणं समोरच्याला सोयीचं पडतं, आणि त्याची किंमत खाटेवरचा माणूस मोजतो.

आमच्या व्यवसायाने हे केलेलं आहे. १९८०च्या दशकापर्यंत जगातल्या चांगल्या-चांगल्या रुग्णालयांत नवजात बाळांवरच्या शस्त्रक्रिया अगदी तुटपुंज्या भुलीवर, स्नायू ढिले करणारं औषध देऊन केल्या जात. समज असा होता की एवढ्याशा मेंदूला वेदना 'कळत' नाही, जे दिसतं ती प्रतिक्षिप्त क्रिया. बाळ हलत नव्हतं, कारण औषधाने त्याला हलताच येत नव्हतं. भारतीय वंशाचे डॉ. के. जे. एस. आनंद यांनी १९८७ साली दाखवून दिलं की नीट वेदनाशामक दिलेल्या बाळांच्या शरीरावरचा ताण खूप कमी होतो आणि शस्त्रक्रियेनंतरची गुंतागुंतही कमी होते. त्यानंतर पद्धत बदलली. त्याआधीच्या बाळांची साक्ष काढायला कोणी नाही.

आमच्या भागातलं याचं सर्वांत जवळचं उदाहरण म्हणजे मण्यार. ही माहिती नीट वाचा, ती जीव वाचवणारी आहे. मण्यार रात्री फिरते, आणि पावसाळ्यात घरात शिरते. जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेल्याला चावते. दंश अनेकदा इतका बारीक असतो की झोपही मोडत नाही. सूज नाही, रक्त नाही, खूण शोधून सापडत नाही. पहाटे पोटात कळ येते, घसा दुखतो, उलटी होते. मग पापण्या मिटायला लागतात, बोलणं बोबडं होतं, लाळ गिळता येत नाही. घरच्यांना वाटतं गॅस झाला, किंवा बाहेरचं काही लागलं म्हणून भगताकडे नेतात. तेवढ्यात श्वास थांबू लागतो. महाडचे, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातले डॉ. हिंमतराव बावस्कर विंचवावरच्या कामासाठी सर्वांना माहीत आहेत. त्यांनी मण्यार आणि नाग यांच्या दंशावरही ग्रामीण रुग्णालयातल्या अनुभवातून लिहिलं आहे.

या विषाची तऱ्हा अशी की ते मेंदूत शिरत नाही. नस आणि स्नायू जिथे भेटतात त्या सांध्यावर ते बसतं आणि निरोप अडवतं. त्यामुळे हात, पाय, पापण्या, छाती, सगळं बंद. डोळ्यांच्या बाहुल्यासुद्धा मोठ्या होऊन उजेडाला दाद देईनाशा होऊ शकतात. बाहेरून पाहणाऱ्याला माणूस गेल्यासारखा दिसतो. आत तो जागा असू शकतो, पूर्ण भानावर.

काही वर्षांपूर्वी एका वाडीवरचा पंचविशीतला तरुण असाच आला. श्वास जवळजवळ थांबला होता. नळी घातली, सापाचं इंजेक्शन सुरू केलं आणि अंबू बॅग दाबत त्याला पुढे मोठ्या रुग्णालयात पाठवलं. तिथे कोणीतरी बाहुल्यांवर टॉर्च मारून खाटेशेजारीच नातेवाइकांना सांगितलं, "मेंदू गेलाय, न्यायचं तर घरी न्या." दुसऱ्या एका डॉक्टरांनी मण्यारीची शंका धरून व्हेंटिलेटर चालू ठेवला. सहाव्या दिवशी पापणी हलली. तीन-साडेतीन आठवड्यांनी तो स्वतःच्या पायाने दवाखान्यात आला आणि ते वाक्य त्याने मला जसंच्या तसं म्हणून दाखवलं. आई काय बोलली, काकांनी गाडीवाल्याला किती भाडं विचारलं, सगळं. "मला वरडायचं होतं," तो म्हणाला. "पन वरडायला तोंडच नव्हतं."

म्हणून मण्यारीची थोडी जरी शक्यता असेल, तर सर्पदंशाचा विचार पूर्ण बाजूला सारल्याशिवाय आणि पुरेशी वाट पाहिल्याशिवाय 'मेंदू मृत' हा शब्द कोणी वापरता कामा नये. ब्रेन डेथ ठरवण्याच्या तपासण्या कडक असतात, त्या वेगवेगळ्या वेळी दोनदा कराव्या लागतात आणि विष, औषधं, शरीराचं उतरलेलं तापमान ही कारणं आधी वगळावी लागतात. टॉर्च मारून ब्रेन डेथ ठरत नाही.

मण्यारीचा पेशंट सुटतो आणि येऊन सांगतो. जो सुटत नाही त्याचं काय?

महाराष्ट्राने हा प्रश्न जवळजवळ ४२ वर्षं डोळ्यांसमोर पाहिला. अरुणा शानबाग मुंबईच्या केईएम रुग्णालयात परिचारिका होत्या. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तिथल्याच एका सफाई कामगाराने त्यांच्यावर हल्ला केला, कुत्र्याच्या साखळीने गळा आवळला. मेंदूचा प्राणवायू तुटला. त्यानंतर १८ मे २०१५ला न्यूमोनियाने जाईपर्यंत त्या केईएममध्येच, खाटेवर होत्या. पिंकी विराणी यांनी त्यांच्या वतीने सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला, की या देहाला जबरदस्तीने जगवणं थांबवा. न्यायालयाने तीन डॉक्टर नेमले. त्यांचा निष्कर्ष थोडक्यात असा होता की त्या जाग्या आहेत, पण भोवतालचं भान असल्याचं दिसत नाही, आणि कायमच्या व्हेजिटेटिव्ह स्टेटचे बहुतांश निकष पुरे होतात. केईएमच्या बाजूने सांगितलं गेलं की त्यांना मासळी आवडते, आवडीचं खाणं दिलं की चेहरा वेगळा दिसतो, खोलीत फार माणसं आली की त्या अस्वस्थ होतात. ७ मार्च २०११ला निकाल लागला. अर्ज फेटाळला गेला. मात्र उच्च न्यायालयाच्या परवानगीने उपचार थांबवण्याची वाट पहिल्यांदा उघडली गेली.

त्या वेळी लोक दोन गटांत विभागले गेले. माझ्या ओळखीतले बरेच डॉक्टर म्हणत, परिचारिका भावनेच्या भरात प्रतिक्षिप्त क्रियेला 'आवड' समजतात. त्यात तथ्य असू शकतं. चव लागली की चेहऱ्याचे स्नायू हलतात, मोठ्या आवाजाने शरीर दचकतं, यासाठी भान लागतच असं नाही. पण एकाच माणसाला वर्षानुवर्षं भरवणाऱ्या, पुसणाऱ्या, कूस बदलणाऱ्या बाईचं निरीक्षण आणि दोन-चार भेटींतली तपासणी यांत नेहमी दुसरीच बरोबर, असंही मी म्हणणार नाही. इतक्या वर्षांत त्यांच्या अंगावर शय्याव्रण होऊ दिलं नाही, याची नोंद न्यायालयाने कौतुकाने घेतली. ज्यांनी कोणी घरी आजारी माणूस सहा महिने सांभाळलाय त्यांना हे काय काम आहे ते कळेल. आत कोण आहे हे ठाऊक नसतानाही 'आहे' असं धरून त्या वागल्या. माझ्या मते ते बरोबर होतं. आणि विराणींनी विचारलेला प्रश्नही रास्त होता. आत खरंच भान असेल, तर अशा जगण्यात ते किती यातना सोसत असेल, हा विचार दूर ढकलून चालत नाही.

विज्ञान तेव्हाच पुढे सरकत होतं. २००६ साली एड्रियन ओवेन आणि सहकाऱ्यांनी अपघातानंतर याच अवस्थेत असलेल्या एका तरुणीला एमआरआयच्या विशेष यंत्रात ठेवलं आणि सांगितलं, 'टेनिस खेळतेस अशी कल्पना कर', मग 'स्वतःच्या घरातून फिरतेस अशी कल्पना कर'. शरीर जराही हललं नाही, पण मेंदूत निरोगी माणसाच्या त्या-त्या वेळी उजळतात त्याच जागा उजळल्या. २०१०च्या अभ्यासात भानाची शंका असलेल्या ५४ पेशंटपैकी ५ जणांनी असा प्रतिसाद दिला, आणि एकाने तर टेनिस म्हणजे 'हो', घर म्हणजे 'नाही' असं धरून प्रश्नांची उत्तरं दिली. २०२४ साली वेगवेगळ्या देशांतल्या सहा केंद्रांचा मोठा अभ्यास आला. सांगितलेलं काहीच करू न शकणाऱ्या २४१ पेशंटपैकी ६० जणांच्या मेंदूने आज्ञा पाळल्याचं दिसलं. म्हणजे चारात एक.

हा आकडा मी प्रत्येक बेशुद्ध माणसाला लावत नाही, तुम्हीही लावू नका. हे निवडक केंद्रांतले पेशंट होते. उरलेल्या तिघांमध्ये काहीच दिसलं नाही. पण 'आत कोणी नाही' असं डोळ्यांनी पाहून छातीठोकपणे सांगण्याचे दिवस संपले, एवढं नक्की. २०१८ साली अमेरिकेतल्या मेंदूतज्ज्ञांच्या संघटनेने 'कायमची' व्हेजिटेटिव्ह स्टेट हा शब्दच मागे घेऊन 'दीर्घकालीन' असा शब्द सुचवला.

आणि जाणीव मेंदूत नेमकी कशी निर्माण होते? शास्त्रज्ञ क्रिस्टोफ कॉक यांनी १९९८ साली तत्त्वज्ञ डेव्हिड चाल्मर्स यांच्याशी पैज लावली होती की २५ वर्षांत याचा छडा लागेल. २०२३च्या जूनमध्ये न्यूयॉर्कला त्यांनी जाहीरपणे हार मानली आणि वाइनच्या बाटल्या देऊन टाकल्या. मला हे फार आवडलं. आमच्या व्यवसायात पैज हरल्याचं इतक्या आनंदाने कोणी सांगत नाही.

आता तुमच्या प्रश्नाकडे, म्हणजे 'त्यांना कळतंय का' याकडे. मी नातेवाइकांना सांगतो की कळतंय असं धरून बोला. नावाने हाक मारा, कोण बोलतंय ते सांगा, आज कोणता वार आहे ते सांगा. अंग पुसताना, कूस बदलताना आधी सांगा. बिलाचं, वाटणीचं, 'आता काही उपयोग नाही' हे बोलणं खोलीबाहेर करा. डॉक्टर किंवा सिस्टर खाटेशेजारी तसं बोलू लागले तर "बाहेर बोलूया का?" असं म्हणायला लाजू नका. ऐकू येण्याचं मशीन असेल तर ते लावा, चष्मा असेल तर घाला. मेंदू शाबूत असून कान बंद असल्यामुळे प्रतिसाद न देणारे म्हातारे मी पाहिले आहेत.

हातात हात दिला आणि बोटं मिटली, म्हणून लगेच 'त्यांनी ओळखलं' असं समजू नका. तान्ह्या बाळाचीही बोटं तशीच मिटतात. 'हात सोडा' म्हटल्यावर सोडला का, आणि दहापैकी किती वेळा, हे पाहा. चेहऱ्यासमोर आरसा धरून सावकाश एका बाजूला न्या. नजर आरशामागे जाते का ते पाहा, कारण भान परत येण्याची खूण कित्येकदा आधी इथे दिसते. वहीत वेळ लिहून ठेवा. दिवसभर गुंगीची औषधं चालू असतील, ताप असेल किंवा आतल्या आत फिट येत असतील तर भान झाकलं जातं. त्यामुळे डॉक्टरांना "ही कारणं पाहिलीत का?" असं जरूर विचारा. मोबाइलवर केलेलं तुमचं चित्रण तपासणीत उपयोगी पडतं. 'मेंदू चालू करणारं' तेल, मण्यांची माळ किंवा लाखभर रुपयांचं पेशींचं इंजेक्शन विकायला जो येईल, त्याला मात्र दारातूनच परत पाठवा. आशेच्या या अवस्थेत माणसाच्या खिशात हात घालणं फार सोपं असतं.

आणि दुखण्याचं औषध. बेशुद्ध पेशंटची जखम धुताना, नळी बदलताना वेदनाशामक द्यायला मी सांगतो. भान नसेल तर एक इंजेक्शन वाया गेलं. असेल तर?

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. उद्या आपणच अशा अवस्थेत गेलो तर कुठपर्यंत उपचार चालवायचे, हे आज शुद्धीवर असताना लिहून ठेवता येतं. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८च्या निकालात अशा वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली, आणि जानेवारी २०२३ मध्ये पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून ते साक्षांकित करता येतं, न्यायदंडाधिकाऱ्याकडे जावं लागत नाही. ज्यांनी तुमच्या वतीने निर्णय घ्यायचा त्यांची नावं त्यात घाला आणि त्यांना आधी विचारा. एक प्रत त्यांच्याकडे आणि एक तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे ठेवा. कपाटात कुलपाखाली ठेवलेलं इच्छापत्र रात्री दोन वाजता कोणाला सापडत नाही.